अमेरिकन क्रांतियुद्धातले जखमी सैनिक: जखम सिद्ध कुणी करायची?

कोनाडा

अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शन अर्जांच्या सुमारे ८० हजार फायली आहेत. त्यांच्या प्रतिमा नेटवर आहेत आणि जुनं हस्ताक्षर लावून टंकायला स्वयंसेवक घेतात. गेले काही महिने रात्रीची आवराआवर झाली की मी हेच करत बसते. मोडी वाचायची सवय इथे कामाला आली. एकाच कारकुनाची दोन-तीन पानं वाचली की त्याचं वळण कळायला लागतं, मग भरभर पुढे जाता येतं.

लढायांची वर्णनं फायलींमध्ये असतात, पण मला वाटलं होतं त्याहून कमी. बहुतेक कागद एकाच गोष्टीभोवती फिरतात: ही जखम मला युद्धातच झाली, मी खोटं बोलत नाही, हे साहेबांना पटवायचं कसं? त्यावर सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

इंग्लंडविरुद्धचं हे युद्ध १७७५ ला सुरू झालं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हाच २६ ऑगस्ट १७७६ ला काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे सगळ्या राज्यांच्या मिळून सभेने, ठराव केला. लढाईत हात-पाय गमावलेल्या किंवा कमवून खाता येणार नाही इतकं अपंगत्व आलेल्या प्रत्येकाला, मग तो अधिकारी असो, साधा शिपाई असो की आरमारातला खलाशी, अपंगत्व राहील तोवर अर्धा पगार. ठराव झकास. पण काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, त्यामुळे पैसे राज्यांनी द्यायचे. ते कधी आणि किती मिळतील हे तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर ठरायचं. ज्याला थोडंफार उभं राहता येतं त्याने घरी बसून पगार खाऊ नये, म्हणून २० जून १७७७ ला अपंगांची एक वेगळी पलटणही काढली. कर्नल लुईस निकोला तिचा प्रमुख. पहारा द्यायचा, कोठारं राखायची, असली कामं.

या पलटणीच्या हजेरीपटावर एक बाई होती, मार्गारेट कॉर्बिन. १६ नोव्हेंबर १७७६ ला मॅनहॅटन बेटावरच्या फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत तिचा नवरा तोफेवर होता. तो पडल्यावर हिने तोफ चालवली. गोळे-छऱ्यांनी छाती, जबडा आणि दंड फाटला, हात कायमचा गेला. ६ जुलै १७७९ ला काँग्रेसने तिला शिपायाच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि एक जोड कपडे मंजूर केले. अमेरिकन सरकारकडून लष्करी पेन्शन मिळालेली ती पहिली स्त्री. (वेस्ट पॉइंटच्या लष्करी स्मशानात १९२६ मध्ये तिच्या अस्थी म्हणून समारंभाने पुरलेला सांगाडा २०१७ मध्ये तपासाअंती कुणा पुरुषाचा निघाला. ती कुठे आहे हे आजही कुणाला ठाऊक नाही.)

युद्ध संपलं तेव्हाची परिस्थिती अशी: सैन्य पांगवताना हातात रोख काही नाही. बंदूक घरी न्या, तुमचा थकलेला पगार या चिठ्ठ्यांवर लिहिला आहे, सवडीने देऊ. जखमींसाठी ७ जून १७८५ ला काँग्रेसने राज्यांना शिफारस केली की पूर्ण अपंग शिपायाला महिना ५ डॉलरपर्यंत द्यावेत. नवं संविधान आल्यावर १७८९ मध्ये ही जबाबदारी केंद्र सरकारने उचलली आणि २३ मार्च १७९२ ला कायदा झाला. तो वाचताना मी पहिल्यांदा हसले आणि मग हसू येईना.

अर्जदाराने काय आणायचं? एक, आपल्या रेजिमेंटच्या किंवा कंपनीच्या प्रमुखाचा दाखला की हा माणूस नोकरीत असतानाच जखमी झाला. प्रमुख नसेल तर दोन विश्वासू साक्षीदारांची शपथपत्रं. दोन, राहत्या गावातल्या तीन प्रतिष्ठित खातेदारांची शपथपत्रं, की गेल्या बारा महिन्यांत हा काय करून जगला ते आम्हाला स्वतःला ठाऊक आहे. हे सगळं घेऊन सर्किट कोर्टात, म्हणजे केंद्राच्या फिरत्या न्यायालयात, स्वतः हजर व्हायचं. जखम १५ वर्षांपूर्वीची. कप्तान एक तर मेलेला किंवा ओहायोकडे जमीन घेऊन गेलेला. सोबतचे शिपाई कुठल्या राज्यात आहेत पत्ता नाही. आणि हा एका पायावर. कोर्ट तीन दिवसांच्या रस्त्यावर.

त्यात ८ नोव्हेंबर १८०० ला युद्ध खात्याच्या कचेरीला आग लागली आणि तोवरचे जवळपास सगळे अर्ज जळाले. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं तेव्हा आणखी गेले. कागद सरकारच्या ताब्यात जळले, पण पुन्हा पुरावा गोळा करायचा तो अर्जदाराने.

मग १८ मार्च १८१८ चा कायदा. अध्यक्ष जेम्स मन्रो. यात प्रथमच जखमेची अट काढली: काँटिनेंटल म्हणजे केंद्राच्या सैन्यात किमान नऊ महिने नोकरी आणि ‘मदतीची गरज’ असली की शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. वीस हजारांहून अधिक अर्ज आले. सरकारची झोप उडाली, १८१९ ची मंदी आली, आणि १ मे १८२० ला नवा कायदा करून सगळ्यांना पुन्हा कोर्टात बोलावलं: आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्या. फक्त अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण वगळून.

या याद्या वाचायला बसलं की उठवत नाही. एक तवा. चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी. चरखा. लोकांकडून येणं: काही नाही. देणं: वाण्याचं, वैद्याचं. शेवटी म्हाताऱ्याची सही, आणि सही येत नसेल तर फुली.

जोसेफ प्लम्ब मार्टिनचंच बघा. हा पंधराव्या वर्षी कनेटिकटमधून भरती झाला आणि युद्धाच्या अखेरपर्यंत होता. पुढे १८३० मध्ये त्याने आठवणी छापल्या म्हणून आज नाव माहीत आहे. मेनमधल्या प्रॉस्पेक्ट गावी तो शेती करायचा. ती जमीन निघाली हेन्री नॉक्सच्या बायकोकडून आलेल्या वतनातली. नॉक्स म्हणजे वॉशिंग्टनचा तोफखान्याचा प्रमुख आणि देशाचा पहिला युद्धमंत्री. जखमींचे अर्ज ज्याच्या टेबलावरून जायचे तोच. १७९७ मध्ये मार्टिन त्याचे १७० डॉलर देणं लागतो असा निकाल झाला. ते त्याला कधी जमले नाहीत, शेत गेलं. पेन्शनसाठी कोर्टात त्याने शपथेवर सांगितलेली मालमत्ता: दोन गायी, सहा मेंढ्या, एक डुक्कर. बायको संधिवाताने जखडलेली. ८ डॉलर मिळाले.

लांबलं. बाकी प्रतिसादांत लिहीन. कुणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

रानजाई

वाचतेय. त्या याद्यांबद्दल अजून लिही ना गं.

एक शंका. ‘पूर्ण अपंग’ला ५ डॉलर म्हणतेस. अर्धा अपंग असेल तर? म्हणजे एक हात गेला, दुसरा आहे, तर कसं मोजायचे?

कोनाडा

अपूर्णांकात. १७९२ च्या कायद्यात कोर्टानेच ठरवायचं होतं की मासिक पगाराच्या किती हिश्श्याइतकं अपंगत्व आहे. १७९३ मध्ये डॉक्टर आले, त्यांनी तपासून शपथेवर लिहायचं. ‘निम्मा अपंग’ असा शेरा मिळाला की अडीच डॉलर. एक चतुर्थांश, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, असे शेरे असतात. मोजमाप एकाच गोष्टीचं: अंगमेहनत करून पोट भरण्याची ताकद किती गेली. म्हणून मांडीत गोळी अडकलेला शेतकरी आणि मांडीत गोळी अडकलेला शिंपी यांचा शेरा वेगळा येऊ शकायचा. १८१६ मध्ये पूर्ण अपंग शिपायाचा दर ५ वरून ८ झाला.

हवालदार_निवृत्त

ताई, लेख आवडला. आम्ही सातारचे. घरटी एक फौजी, त्यामुळे हा विषय आमच्याकडे पारावर रोज असतो.

तुमच्या त्या अपूर्णांकाला आमच्याकडे टक्के म्हणतात. फौजेतून बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्ड बसतं. बोर्ड दोन गोष्टी लिहितं. अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे आलं किंवा नोकरीमुळे वाढलं का. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं की पहिल्या रकान्यातले टक्के लोणच्यासोबत खायचे. आणि ‘हो’ आलं तरी वीस टक्क्यांच्या खाली असाल तर साधारणपणे हात हलवत परत. वर असाल तर राउंडिंग ऑफ आहे: पन्नासच्या आतले पन्नास धरतात, पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर, त्यावर शंभर.

माझ्या बॅचच्या एकाचा गुडघा डोंगरात गस्तीवर असताना गेला. बोर्डाने लिहिलं, संबंध नाही. का? तर जखमेचा त्या दिवशीचा रिपोर्ट फायलीत नाही. आता बर्फात बसून तो रिपोर्ट त्याने लिहायचा होता का? पोस्टवरच्या कारकुनाने लिहायचा. पोरगा पुढे आठ वर्षं तारखांना जात होता. म्हणून तुमचं ते ‘कागद सरकारकडे जळले पण पुरावा अर्जदाराने आणायचा’ हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

कलम_बहाद्दर

हवालदार काका, तुमच्या मित्राच्या बाजूने सुप्रीम कोर्ट बोललेलं आहे. २०१३ चा धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल. भरती होताना कागदोपत्री आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि नंतर आलेलं अपंगत्व नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. संशयाचा फायदा सैनिकाला. निकाल चांगला आहे, तरी लोकांना आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या पायऱ्या चढाव्या लागतातच.

कोनाडा, १७९२ च्या कायद्याचं जे झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे मी लिहितो, कारण आमच्या धंद्यात हे प्रकरण फार गोड मानतात.

त्या कायद्याने काम कोर्टाला दिलं, पण कोर्टाने शिफारस केल्यावर युद्धमंत्री नावं अडवू शकायचा. न्यायाधीश म्हणाले, हे कसं चालेल? आम्ही दिलेला निर्णय मंत्र्याने फिरवायचा असेल तर ते न्यायदान नव्हे. एप्रिल १७९२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्किट कोर्टात विल्यम हेबर्न नावाच्या माणसाचा अर्ज आला आणि जेम्स विल्सन, जॉन ब्लेअर आणि रिचर्ड पीटर्स या तिघांनी तो ऐकायलाच नकार दिला. अध्यक्ष वॉशिंग्टनना तसं पत्र लिहून कळवलं. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी, त्यात सरन्यायाधीश जॉन जेही होते, मधला मार्ग काढला: न्यायाधीश म्हणून नाही ऐकणार, पण ‘कमिशनर’ म्हणून बसतो, म्हणजे लोक ताटकळणार नाहीत.

ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ हे प्रकरण सुप्रीम कोर्टात घेऊन गेले. कोर्टाने तारीख पुढे ढकलली (काही गोष्टी कुठल्याही देशात बदलत नाहीत) आणि तेवढ्यात २८ फेब्रुवारी १७९३ ला काँग्रेसने कायदाच बदलला. संसदेने केलेला कायदा संविधानाला धरून नाही असं अमेरिकन केंद्रीय न्यायाधीशांनी म्हटल्याचं हे सगळ्यात जुनं उदाहरण. सुप्रीम कोर्टाने संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवला त्या १८०३ च्या मार्बरी खटल्याच्या ११ वर्षं आधीचं. पाठ्यपुस्तकात हेबर्नचं नाव सत्ताविभाजनाच्या धड्यात येतं. तो तिथे पेन्शन मागायला आला होता हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे तत्त्व जिंकलं आणि हेबर्न बाहेर बाकावर बसून राहिला. :)

गावठाण

धागा चांगला आहे, पण सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून थोडं उलटं लिहितो.

नवं राष्ट्र. डोक्यावर कर्जाचा डोंगर. शेतकरी आधीच करांनी पिचलेला. अशा वेळी पुरावा न मागता पैसे वाटायचे का? १८१८ ला अट सैल केली तर काय झालं हे धागाकर्तीनेच लिहिलं आहे: हजारोंनी अर्ज. त्यातले सगळे गरजू होते? मी वाचल्याप्रमाणे लोकांनी शेत मुलाच्या नावावर करून स्वतःला कंगाल दाखवल्याच्या तक्रारी होत्या. सिनेटमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे नॅथॅनिएल मॅकन आणि साउथ कॅरोलायनाचे विल्यम स्मिथ यांनी विरोध केला, तो काही ते दुष्ट होते म्हणून नाही. त्यांचं म्हणणं, नागरिकाने देशासाठी लढणं हे कर्तव्य आहे. त्याचा मोबदला देत बसलो तर इंग्लंडसारखा पेन्शनखाऊ वर्ग इथेही तयार होईल, मग क्रांती केली कशाला? मिलिशियावाल्यांनीही, म्हणजे राज्यांच्या हंगामी नागरी सैन्यातल्यांनीही, युद्धात रक्त सांडलं, त्यांना १८१८ मध्ये का नाही, हाही त्यांचा प्रश्न बरोबरच होता.

पुरावा मागणं म्हणजे अपमान नव्हे. आपल्याकडे पुरावा न मागता दिलं की काय होतं ते मराठवाड्यातले लोक सांगतील.

कोनाडा

गावठाण, मॅकनचा मुद्दा मला समजतो. पण तो मुद्दा काढला कुणासमोर, ते बघा.

अधिकाऱ्यांचं आधी बघू. १५ मे १७७८ ला काँग्रेसने युद्धाच्या शेवटपर्यंत राहणाऱ्या अधिकाऱ्यांना सात वर्षं अर्धा पगार कबूल केला. शिपायांना? एकरकमी ८० डॉलर. ऑक्टोबर १७८० मध्ये अधिकाऱ्यांचा अर्धा पगार तहहयात झाला. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांनी जवळजवळ बंडाची भाषा केली. वॉशिंग्टन खिशातून चष्मा काढून ‘तुमच्या सेवेत केस पिकले, आता दिसेनासंही झालं’ अशा अर्थाचं बोलले तो प्रसिद्ध प्रसंग तिथलाच. त्यानंतर आठवडाभरात अधिकाऱ्यांना पाच वर्षांचा पूर्ण पगार, सहा टक्के व्याजाच्या रोख्यांत. कर्तव्याचं तत्त्वज्ञान आठवलं ते शिपायाची पाळी आल्यावर. आठ डॉलरसाठी.

आणि त्या चिठ्ठ्या. थकलेल्या पगाराच्या ज्या चिठ्ठ्या शिपायांना दिल्या त्यांना बाजारात दर्शनी किमतीच्या पाव भावही येत नव्हता. ज्याला पेरणीला बी हवं, ज्याच्या पायाची जखम वाहतेय, तो थांबणार कसा? विकून टाकल्या. घेणारे कोण? शहरातले पैसेवाले. पुढे अध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सच्या पत्नी अबिगेल ॲडम्ससुद्धा सरकारी रोख्यांत पैसे गुंतवत होत्या, आणि त्यांना त्यात चांगला नफा झाला. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने ठरवलं की रोखे पूर्ण किमतीला फेडायचे, पण ज्याच्या हातात आज आहेत त्यालाच. काँग्रेसमधला जेम्स मॅडिसन म्हणाला, मूळ मालकाला, त्या शिपायाला, काहीतरी हिस्सा द्या. मतदान झालं: विरोधात ३६, बाजूने १३. याबद्दल पेन्शनखाऊ वर्ग तयार होईल अशी काळजी फारशी कुणी केलेली दिसत नाही.

मधल्या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं तेही यालाच जोडून आहे. राज्याने हेच रोखे फेडायला कर वाढवले, ते नाण्यांत मागितले, आणि कर्जापायी कोर्टात खेचले गेलेल्यांत युद्धावरून परतलेले होते. डॅनियल शेज स्वतः कप्तान होता. फ्रेंच सेनानी लाफायेतने भेट दिलेली तलवार त्याने पैशाच्या अडचणीत विकली होती. १७८६ मध्ये त्यांनी कोर्टं बंद पाडली, २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारापाशी त्यांच्यावर तोफ डागली, चार जण मेले. ज्या शिपायाने आपली चिठ्ठी स्वस्तात विकली, त्याच्याकडूनच त्या चिठ्ठीची पूर्ण किंमत कर म्हणून वसूल करायची, असा तो हिशेब होता. पुढे म्हातारपणी शेजलाही क्रांतियुद्धाची पेन्शन मिळाली, केंद्र सरकारकडून.

पुरावा मागूच नये असं मी म्हणत नाहीये. पुरावा ठेवायची जबाबदारी ज्याची होती त्याने तो हरवला किंवा जाळला, तर शंकेचा फायदा कुणाला, एवढंच विचारते आहे. १७९२ ने तो सरकारला दिला.

गावठाण

अधिकारी-शिपाई भेदाचं मान्य. पण मॅडिसनची योजना अमलात आणायची कशी? हजारो चिठ्ठ्या चार-चार हात बदललेल्या, मूळ मालकाची नोंद शोधायची कुणी? आणि एकदा विकलेल्या रोख्यात मूळ मालकाचा हिस्सा काढला तर पुढे या सरकारचा कागद कोण घेईल? हॅमिल्टन निर्दय असेल, पण देशाची पत त्यानेच उभी केली. ती पत नसती तर १८१८ चे आठ डॉलरही आले नसते.

तेरणाकाठ

‘मराठवाड्यातले लोक सांगतील’ असं म्हटलंत म्हणून आलो. सांगतो.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात माझे आजोबा सीमेवरच्या कॅम्पात होते. रझाकारांच्या आणि निजामी पोलिसांच्या नाक्यांवर रात्री जायचं आणि उजाडायच्या आत इकडच्या मुलखात परत. आता सांगा, असल्या माणसाकडे कागद कसला असणार? कागद सापडला असता तर माणूस जिवंत राहिला नसता. १९७२ ला केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली, महिना २०० रुपये. अट सहा महिने तुरुंगवास. आजोबा तुरुंगात गेलेच नाहीत, कारण पकडले गेले नाहीत. भूमिगतांनी तुरुंग भोगलेल्या ज्येष्ठाचं प्रमाणपत्र आणायचं. ज्येष्ठांकडे रांग लागली. कुणी ओळखीच्याला दिलं, कुणी खऱ्यालाच दारातून परत पाठवलं.

बीडची बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, चौकशी आयोग बसला, हे खरं आहे. काही अर्जदारांची वयं बघितली तर मुक्तिसंग्रामात ते पाळण्यात असायला हवेत. आम्हाला त्याची लाज आहे. पण गावठाण, त्याचा भुर्दंड कुणी भरला? बनावटांनी नाही, त्यांच्याकडे कागद चोख होते. कागद तयार करायलाच तर ते बसले होते. चाळणी बारीक केली की अडकला तो ज्याच्याकडे फक्त खरं होतं.

कोनाडाताई, एक साम्य तुमच्या लक्षात आलं का? आपल्या १९७२ च्या योजनेतही उत्पन्नाची मर्यादा होती, वर्षाला ५००० रुपये. म्हणजे गरीब असाल तरच. १९८० मध्ये ती काढली आणि नावात ‘सन्मान’ आला.

कोनाडा

तेरणाकाठ, हो! अगदी तेच तिकडे झालं, फक्त त्याला १४ वर्षं लागली. १८१८ आणि १८२० ला कंगाल असल्याचं शपथेवर सांगायचं. ७ जून १८३२ च्या कायद्याने गरिबीची अट काढून टाकली. दोन वर्षं नोकरी असेल तर पूर्ण पगार तहहयात, सहा महिन्यांवर असेल तर त्या प्रमाणात. मिलिशियालाही धरलं, म्हणजे गावठाणच्या मॅकनसाहेबांचा तो एक आक्षेप मिटला. तोवर सगळ्यात तरुण सैनिक सत्तरीच्या आसपास आलेला होता.

१८३२ चे अर्ज वेगळेच वाटतात. त्यात भांडीकुंडी मोजायची नाहीत, तर कोर्टात उभं राहून आपली नोकरी आठवेल तशी सांगायची. कुठे भरती झालो, कप्तान कोण, कुठल्या नद्या ओलांडल्या. दाखला हरवला आहे, पण गावचा पाद्री सांगेल की हा सैनिक होता असं सगळे मानतात. लोक भरभरून बोललेत. काहींच्या लढायांचा क्रम चुकतो, सेनापतींची नावं चुकतात, आणि खायला काय मिळालं नव्हतं ते मात्र बरोबर आठवतं.

विधवांच्या फायलींत आणखी एक प्रकार. १८३६ पासून विधवांचा हक्क वाढला, पण लग्न झाल्याचा पुरावा हवा. चर्चच्या वह्या नसल्या तर घरच्या बायबलमध्ये लग्न-जन्म लिहिलेलं पान असतं, ते फाडून अर्जाला जोडायचं. ती मूळ पानं अजून फायलीत आहेत. परत कुणी पाठवलीच नाहीत.

उंटावरचा_शहाणा

आता थोडं घरचं. सभासद बखरीत अफजलखान प्रकरणानंतरचा उल्लेख आहे: लढाईत मेलेल्यांच्या मुलांना चालवलं, मुलगा नसेल तिथे बायकोला अर्धं वेतन, आणि जखमींना जखम पाहून २५ ते २०० होन. म्हणजे अर्धा पगारही आला आणि हवालदार काकांचे टक्केही आले, १६५९ मध्ये. तीन खातेदारांची शपथपत्रं मागितल्याचं काही लिहिलेलं नाही.

कलम_बहाद्दर

बखर नंतरची, राजारामाच्या काळात लिहिलेली, हे लक्षात ठेवून. पण फरक उघड आहे. तिथे जखम ताजी असताना, ज्याने लढाई पाहिली त्याच्याच समोर, रोख. पंधरा वर्षांनी पाचशे मैलांवर बसलेल्या कारकुनाला जखम पटवायची वेळच येत नाही.

हवालदार_निवृत्त

शहाणे, हे आमच्या पारावर सांगतो उद्या.

रानजाई

कोनाडा, मला विचारायचं होतं की गुलाम म्हणून आणलेले काळे लोकही लढले ना? त्यांना मिळाली का पेन्शन? आणि तुझ्या भागातल्या त्या डेबोरा सॅम्पसनचं पण सांग.

कोनाडा

काहींना मिळाली. जे स्वतंत्र होते किंवा ज्यांना नोकरीच्या बदल्यात रीतसर मुक्त केलं होतं, ते कागद दाखवू शकले तर. पण जेहू ग्रँटची फाईल वाच. हा ऱ्होड आयलंडमध्ये गुलाम होता. मालक इंग्रजांच्या बाजूचा, आपल्याला इंग्रजी जहाजावर पाठवेल या भीतीने ऑगस्ट १७७७ मध्ये पळाला आणि अमेरिकन सैन्यात गाड्यांवर कामाला लागला. दहा महिन्यांनी मालकाने येऊन त्याला परत नेला. १८३२ मध्ये त्याने अर्ज केला तेव्हा तो म्हातारा आणि आंधळा होता. उत्तर आलं: पळालेला गुलाम असताना केलेली नोकरी कायद्यात बसत नाही. १८३६ मध्ये त्याने पुन्हा पत्र लिहवून घेतलं, की स्वातंत्र्याचे खांब उभारलेले पाहिले, सगळे लोक स्वातंत्र्यासाठी झटताना पाहिले, मग मलाही ते आवडणारच ना. पेन्शन नाहीच. न्यू जर्सीचा सॅम्युअल सटफिन मालकाच्या बदली लढला, पायाला जखम झाली, केंद्राने त्यालाही नाही म्हटलं. शेवटी राज्याच्या विधिमंडळाने वर्षाला ५० डॉलर दिले, १८३६ मध्ये.

डेबोरा सॅम्पसन १७८२ मध्ये पुरुषाच्या वेषात, रॉबर्ट शर्टलिफ नावाने, चौथ्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमध्ये भरती झाली. त्याच उन्हाळ्यात टॅरीटाउनजवळ मांडीत गोळी लागली. डॉक्टरला दाखवली तर पितळ उघडं पडणार, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता गंमत बघा: दहा वर्षांनी जखमेची पेन्शन मागायची तर पुरावा हवा उपचाराचा, आणि उपचार टाळले म्हणून तर ती सैन्यात टिकली. १७९२ मध्ये राज्याने थकलेल्या पगाराचे ३४ पौंड दिले. १८०२ मध्ये ती गणवेश घालून गावोगाव व्याख्यानं देत फिरली, पैशासाठीच. शेजारच्या गावच्या पॉल रिव्हिअरने, इंग्रज फौज येतेय ही खबर रात्री घोड्यावरून पोचवणारा तोच, फेब्रुवारी १८०४ मध्ये काँग्रेसमधल्या विल्यम युस्टिस यांना पत्र लिहिलं: मला वाटलं होतं कुणी धिप्पाड, पुरुषी बाई असेल, पण ही तर लहानखुरी आणि नीट बोलणारी निघाली. ते पत्र उपयोगी पडलं. १८०५ पासून महिना ४ डॉलर, जखमी सैनिक म्हणून. तिच्या मांडीपेक्षा रिव्हिअरचा शब्द वजनदार ठरला, असं माझं मत. मॅसॅच्युसेट्समधल्या शॅरनच्या वाचनालयासमोर तिचा पुतळा आहे, इकडे आलीस तर दाखवीन.

रानजाई

नक्की. आणि ती गेल्यावर? विधवांना मिळायची म्हणतेस, मग तिच्या नवऱ्याला?

कोनाडा

ती १८२७ मध्ये गेली. बेंजामिन गॅनेटने सैनिकाचा विधुर म्हणून अर्ज केला. कायद्यात विधवा होती, विधुर नव्हता, आणि लग्नही युद्धानंतरचं. काँग्रेसच्या समितीने तिच्या शौर्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि अर्ज उचलून धरला. ७ जुलै १८३८ ला खास कायदा मंजूर झाला तोवर गॅनेट वारला होता. पैसे मुलांना मिळाले.

हवालदार_निवृत्त

ताई, त्या फायलींत अर्ज केल्याची आणि मंजुरीची, दोन्ही तारखा असतात का? असतील तर पाच-पन्नास फायलींतल्या काढून इथे टाका. किती वर्षं लागायची ते गावठाण भाऊंना आकड्यात दाखवू.

गावठाण

टाका. फक्त नाकारलेल्या अर्जांची कारणंही त्यासोबत टाका, काका. मग बोलू.